नेरूळमध्ये हरित पट्ट्यावर इमारती येणार असतील तर रहिवाशांच्या विरोधाचा उपयोग होतो का?

होतो, पण हरकत मुदतीत आणि लेखी गेली तरच. विकास आराखड्यातलं आरक्षण, म्हणजे जागा कशासाठी राखून ठेवली आहे ते, बदलायचं असेल तर एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना) कायद्याच्या कलम ३७ खाली सूचना काढून लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात. त्यासाठी एक महिना मिळतो. आमच्याकडे बहुतेकांना बातमी कळते ती जागेभोवती पत्रे ठोकल्यावर, आणि इथेच घात होतो. एकाच मजकुरावर पाचशे सह्या घेण्यापेक्षा प्रत्येकाने स्वतःची हरकत द्या. त्यात सर्व्हे किंवा प्लॉट नंबर आणि सध्याचं आरक्षण लिहा. पोच घ्यायला विसरू नका, सुनावणी मागाच.

सीवूड्सचं उदाहरण जवळचंच आहे. तिथल्या पाणथळीवर गोल्फ कोर्स आणि घरं येणार होती. स्थानिक लोक कोर्टात गेले आणि २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, म्हणजे दमही लागतो.

मी रोज सकाळी त्या बाजूला चालायला जातो. खाडीला भरती आली की चिखल पाण्याखाली जातो, मग फ्लेमिंगो उडून या उथळ तळ्यांत येतात, गुडघाभर पाण्यात माना खाली घालून चरतात. भराव पडला तर भरतीच्या वेळी त्यांनी उतरायचं कुठे? पावसाळ्यात तेच पाणी आपल्या तळमजल्यात शिरणार, हेही हरकतीत लिहा.

आणि तारीख दिसेल असे फोटो आजच काढून ठेवा. भराव पडल्यावर ‘इथे पाणी नव्हतंच’ असं सांगितलं जातं.