गूगल शीट्समध्ये वेबसाइटवरून आणलेला डेटा आपोआप रिफ्रेश कसा करायचा?

तुम्ही लिहिलंय की इम्पोर्ट-एचटीएमएल वापरून एका पानावरचा तक्ता शीटमध्ये आणला, सेटिंग्जमध्ये रीकॅल्क्युलेशन 'दर मिनिटाला' केलं, तरी आकडे हलत नाहीत. हलणारही नाहीत. ते सेटिंग नाऊ (आत्ताची वेळ), टुडे (आजची तारीख), रँड (कुठलाही एक आकडा) अशा फंक्शन्सपुरतं आहे. इम्पोर्टवाल्या फॉर्म्युल्यांचं वेळापत्रक गूगलने वेगळं ठेवलंय: तासातून एकदा, तेही शीट उघडी असेल तर.

लिंक सतत बदलत राहावी म्हणून तिच्या शेवटी नाऊ जोडून बघू, असं यावर बहुतेकांना सुचतं. तेही चालत नाही. नाऊ किंवा रँड थेट जोडा नाहीतर दुसऱ्या सेलमधून फिरवून आणा, शीट सरळ एरर देते.

चालतं ते असं. समजा बी1 हा सेल रिकामा ठेवलाय. फॉर्म्युल्यातल्या लिंकच्या शेवटी प्रश्नचिन्ह, मनाला येईल ते एक नाव, बरोबरचं चिन्ह आणि त्यापुढे बी1 मधली किंमत जोडा. लिंकमध्ये आधीच प्रश्नचिन्ह असेल तर त्याऐवजी अँपरसँड (&). बहुतेक सर्व्हर अशा अनोळखी शेपटाकडे ढुंकूनही बघत नाहीत, पण गूगलच्या लेखी लिंक बदललेली असते, त्यामुळे पान नव्याने आणलं जातं. आधी बी1 मध्ये हाताने वेगवेगळे आकडे टाकून बघा. तक्ता ताजा होत असेल तरच पुढे जा.

आता तो आकडा आपोआप बदलायचा. एक्स्टेंशन्समधून ॲप्स स्क्रिप्ट (शीटसाठी कोड लिहायची जागा) उघडा आणि एका ओळीचं फंक्शन लिहा: बी1 मध्ये आत्ताची वेळ मिलिसेकंदांत टाक. मग डावीकडच्या घड्याळाच्या चिन्हावरून टाइम-ड्रिव्हन ट्रिगर, म्हणजे ठरावीक वेळाने फंक्शन आपोआप चालवणारी सोय, लावा. 1, 5, 10, 15 किंवा 30 मिनिटं, हवं ते निवडता येतं. पहिल्या वेळी परवानगी मागताना ॲप व्हेरिफाय केलेलं नाही असा इशारा दिसू शकतो. स्क्रिप्ट तुमचीच आहे, घाबरू नका. आणि नाऊ चालत नाही तर ही वेळ कशी चालते? स्क्रिप्ट सेलमध्ये साधा आकडा ठेवते, फॉर्म्युला नाही, म्हणून.

ब्राउझर बंद असतानाही ट्रिगर गूगलच्या सर्व्हरवर चालतो. पण बंद शीटमध्ये इम्पोर्टच्या फॉर्म्युल्यावर विसंबून राहू नये, असं माझं मत. स्क्रिप्टने लगेच सेल वाचला तर हाती नुसतं 'लोडिंग' लागू शकतं. दर तासाची नोंद साठवायची असेल तर फॉर्म्युला सोडूनच द्या आणि स्क्रिप्टमधल्या यूआरएल-फेचने, म्हणजे लिंकवरचं पान आणणाऱ्या सेवेने, डेटा थेट आणा. साइट सीएसव्ही किंवा जेसन अशा नीट मांडलेल्या स्वरूपात डेटा देत असेल तर हे फार सोपं आहे, एचटीएमएलमधून तक्ता उपसणं मात्र किचकट. प्रत्येक वेळी वेळेसकट एक नवीन ओळ खाली जोडत गेलात की इतिहासही तयार होतो. फॉर्म्युला जुने आकडे पुसून त्याच जागी नवे लिहितो, त्यामुळे त्यातून हे कधीच मिळत नाही.

दर मिनिटाचा हट्ट मात्र धरू नका. मोफत खात्यावर सगळ्या ट्रिगर्सना मिळून चालायला दिवसाला 90 मिनिटं मिळतात. दर मिनिटाला म्हणजे दिवसात 1,440 वेळा. प्रत्येक वेळी 4 सेकंद लागले तरी 96 मिनिटं होतात, आणि उरलेला दिवस स्क्रिप्ट गप्प. मूळ पानच तासाने बदलत असेल तर हा सगळा खटाटोप फुकटचा.

तक्ता जावास्क्रिप्टने नंतर भरला जात असेल तर कितीही रिफ्रेश करा, इम्पोर्टला तो दिसणारच नाही. शेअर्सचे भाव हवे असतील तर आधी गूगल-फायनान्स फंक्शन बघा. भाव 20 मिनिटांपर्यंत उशिरा येऊ शकतात, पण ही यातायात वाचते. आणि एकाच पानासाठी दहा सेलमध्ये दहा इम्पोर्ट लावले असतील तर बी1 बदलताच दहा विनंत्या एकदम सुटतील. त्यापेक्षा अख्खा तक्ता वेगळ्या टॅबमध्ये एकदाच आणा आणि हवे ते आकडे तिथून उचला.