पत्रिकेतलं ‘गं. भा.’

प्रश्न : वैशाखात मुलाचं लग्न आहे. छापखान्यातून पत्रिकेचा मसुदा आला, त्यात माझ्या नावाआधी ‘सौ.’ आणि सासूबाईंच्या नावाआधी ‘गं. भा.’ आहे. मुलीने अर्थ विचारला तर मला ‘गंगाभागीरथी’ एवढंच सांगता आलं. हा शब्द आला कुठून? आणि आता तो छापावा का? घरातले मोठे म्हणतात, मानाचा शब्द आहे, काढलात तर त्यांचा अपमान होईल.
— एक वाचक, आंजर्ले

उत्तर : हा शब्द मी पहिल्यांदा वाचला तेव्हा दहा वर्षांची होते, आणि चुकीचा वाचला.

आतेचे यजमान मुंबईत नोकरीला होते. ते भाद्रपदात गेले आणि आते कायमची आमच्याकडे, दापोली तालुक्यात, माहेरी आली. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून तिची पत्रं वाचायचं काम माझ्याकडे. गिरगावातून तिच्या दिरांचं कार्ड आलं. पडवीत बसून मी मोठ्याने वाचायला घेतलं, “गंभा वहिनींस सा. न. वि. वि.” आते तांदूळ निवडत होती. सुपावरचा हात थांबला. “गंभा नव्हे गो. गंगाभागीरथी. म्हणजे आता मी.” मग म्हणाली, “वाच पुढे.”

आमच्याकडे आलेली पत्रं वाशाला लोंबणाऱ्या तारेला टोचून ठेवत. नवं कार्ड वर, जुनी खाली. त्या दिवशी कार्ड टोचताना मी खालची उलटून पाहिली. सगळ्यांवर ‘सौ. वहिनींस’ होतं. अक्षर तेच, शाई तीच, लिहिणारे तेच. दीर माणूस फार भला, दर महिन्याला न चुकता मनीऑर्डर करणारा. मायना तेवढा बदलला होता.

आता शब्दाकडे येते. गंगा आणि भागीरथी या दोन वेगळ्या नद्या नव्हेत. गोमुखाहून निघते ती भागीरथी, देवप्रयागाला तिला अलकनंदा मिळते आणि तिथून पुढे ती गंगा. सगराच्या साठ हजार पुत्रांच्या उद्धारासाठी भगीरथाने ती आणली, म्हणून भागीरथी. म्हणजे एकच पावित्र्य दोनदा म्हटलेलं आहे. जुन्या मायन्यांत ‘गंगाजळनिर्मळ’ हे विशेषणही भेटतं. अहिल्याबाई होळकरांच्या नावाआधी लोक ते आजही आदराने लावतात. तेव्हा तुमच्या घरातल्या मोठ्यांचं खोटं नाही. शब्द मानाचा आहे.

पण तो शब्द वागवावा कुणाला लागतो, हेही बघायला हवं. जुन्या पत्रांचे मायने उघडले की माणसाची सगळी पत लिहिलेली दिसते. वडिलांना तीर्थरूप, लहानांना चिरंजीव, शास्त्रीबुवांना वे. शा. सं., म्हणजे वेदशास्त्रसंपन्न, सर्वसाधारण गृहस्थाला रा. रा., म्हणजे राजमान्य राजश्री. लग्न ठरलेली मुलगी चि. सौ. कां., लग्नानंतर सौ., थाटाच्या पत्रात ‘वज्रचूडेमंडित’, म्हणजे जिचा चुडा वज्रासारखा अभंग राहो अशी. आणि चुडा फुटला की गं. भा. बायको वारली म्हणून कुठल्याही रा. रा. गृहस्थाचा मायना बदललेला मी पाहिलेला नाही. लग्नाआधी, लग्नानंतर, एकटे पडल्यावर, ते रा. रा. ते रा. रा.च. बाईचा शब्द मात्र नवऱ्याच्या असण्या-नसण्यावर फिरतो. तो कितीही पवित्र निवडला तरी पाकिटावरूनच पोस्टमनला, वाटेत पत्र हाती घेणाऱ्या प्रत्येकाला कळतं की हिचा नवरा गेला.

शिवाय हा शब्द सगळ्यांचा कधीच नव्हता. कोकणात कितीतरी समाजांत पाट लावायची, म्होतुराची रीत होती. नवरा गेलेली बाई पुन्हा संसाराला लागायची. जिथे दुसरं लग्न नाही, तिथेच उरलेल्या आयुष्याला असं बिरुद लागलं.

आणखी एक. गं. भा. म्हणून कधी कुणी कुणाला हाक मारली नाही. तो कागदावरचा शब्द. आतेला गाव ‘बाय’ म्हणायचं, आम्ही आते म्हणायचो, शेजारच्या काकू ‘अगो, आलीस का पाण्यावर?’ म्हणायच्या. या हाका नवरा असताना होत्या तशाच नंतर राहिल्या. कोकणात पाळण्यातल्या मुलीलाही बाय म्हणतात आणि ऐंशीच्या म्हातारीलाही. त्या हाकेत नवरा कुठे नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

आमच्या मुरूडचे धोंडो केशव कर्वे आठवा. १८५६ साली विधवाविवाहाचा कायदा झाला, तरी ११ मार्च १८९३ रोजी त्यांनी गोदूबाईंशी लग्न केलं तेव्हा मुरूडने त्यांना वाळीत टाकलं. गोदूबाई देवरुखच्या, बालवयात विधवा झालेल्या, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या. लग्नानंतर त्या आनंदीबाई झाल्या, पण लोकांच्या तोंडी राहिलं ते ‘बाया’. बाया कर्वे.

हा वाद शिळा झालेला नाही. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने सगळ्या ग्रामपंचायतींनी तसं करावं असं परिपत्रक काढलं. पुढच्याच वर्षी, एप्रिल २०२३ मध्ये, महिला व बालविकास मंत्र्यांनी ‘विधवा’ऐवजी ‘गं. भा.’ शब्द वापरण्याचा प्रस्ताव तयार करायला सांगितलं. टीका झाली, तेव्हा निर्णय झालेला नाही असा खुलासा आला. त्या बातम्या वाचताना मला माझ्या थोरल्या बहिणीचं लग्न आठवत होतं. पत्रिकेत निमंत्रकांच्या रांगेत आतेचं ‘गं. भा.’ मानाने छापलेलं होतं. रुखवताचे सगळे लाडू तिने वळले होते. आणि मंगलाष्टकं चालू झाली तेव्हा ती माजघराच्या दाराआड उभी होती, मुठीत अक्षता घेऊन. त्या तिने तिथूनच उंबऱ्यावर टाकल्या.

तेव्हा तुमच्या पत्रिकेत ते छापू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. पण नुसतं सासूबाईंचं ‘गं. भा.’ काढून तुमचं ‘सौ.’ ठेवलंत तर काही साधणार नाही. त्यांच्या नावाआधीची मोकळी जागाच तेवढं सगळं सांगेल. ‘सौ.’ही काढा. दोघींना ‘श्रीमती’ लावा. जिच्यापाशी श्री आहे ती श्रीमती. आपल्याकडे तो शब्दही नवरा गेलेल्या बाईसाठी राखून ठेवला गेला, पण त्याच्या अर्थात तसं काही नाही. किंवा पुरुषांसकट सगळ्यांची नावं नुसती छापा, पत्रिका सुटसुटीत दिसेल.

मात्र छापखान्याला कळवण्याआधी सासूबाईंपाशी बसा आणि त्यांना विचारा. ‘इतकी वर्षं लावलंय, राहू दे’ म्हणाल्या तर राहू दे. त्यांचं नाव आहे, घरातल्या बाकीच्यांचं नव्हे. फक्त अक्षता टाकायला त्यांना पुढे, बोहल्यापाशी न्या.

आणि नाव पूर्ण छापा, त्यांचं स्वतःचं. आतेची ती तार अजून माझ्याकडे आहे. कार्डांवर पत्ता माझ्या वडिलांच्या नावाचा आहे, मायना वहिनींचा आहे. खालपासून वरपर्यंत एकाही कार्डावर तिचं नाव नाही.