स्वतःच्या कामाबद्दल ग्रुपवर लिहिलं तर ती बातमी की जाहिरात?

नाव आणि लिंक काढल्यावरही मजकुरात काही उरतं का, ते बघा. नवी आवृत्ती, सापडलेली त्रुटी, बदललेला नियम असं काही उरलं तर बातमी. ‘लवकरच येतोय, नोंदणी करा’ यात काय उरणार? हॅकर न्यूज या तंत्रज्ञानाच्या चर्चेच्या साइटवर ‘शो एचएन’ या सदराखाली स्वतःचं काम बिनधास्त दाखवता येतं, पण लोकांना ते वापरून पाहता आलं पाहिजे, नुसतं नोंदणीचं पान चालत नाही. रेडिट या चर्चेच्या साइटवर जुना संकेत होता, स्वतःच्या लिंक एकूण सहभागाच्या 10 टक्क्यांच्या आत. मला आकड्यापेक्षा हे महत्त्वाचं वाटतं: कुणी शंका विचारली तर लिहिणारा उत्तर द्यायला थांबतो, की लिंक टाकून गायब? आणि काम तुमचंच असेल तर पहिल्या ओळीत तसं सांगून टाका. मित्राच्या खात्यावरून टाकलेली ‘बातमी’ लोक बरोबर ओळखतात.