पोलाद कडक थंडीत ठिसूळ होतं, मग पाच धातूंचा कॅन्टर मिश्रधातू उलट जास्त चिवट का होतो?

फरक स्फटिकरचनेत आहे. धातू वाकतो तो अणूंचे थर एकदम सरकून नव्हे, तर डिसलोकेशन या रेषेसारख्या दोषांच्या हालचालीमुळे. साध्या पोलादाच्या बीसीसी रचनेत (घनाच्या कोपऱ्यांवर आणि मध्यभागी अणू) त्यांना सरकायला उष्णतेची मदत लागते. तापमान उतरलं की ते जवळपास अडकून पडतात आणि भेग सुसाट धावते.

कॅन्टर मिश्रधातूत क्रोमियम, मँगनीज, लोह, कोबाल्ट आणि निकेल साधारण समप्रमाणात असतात; अशा अनेक धातूंच्या मिश्रणांना ‘हाय-एन्ट्रॉपी’ मिश्रधातू म्हणतात. रचना एफसीसी (घनाच्या कोपऱ्यांवर आणि प्रत्येक पृष्ठाच्या मध्यभागी अणू), त्यामुळे डिसलोकेशन थंडीतही सरकतात. पण यातून फक्त ठिसूळपणा टळतो. चिवटपणा *वाढतो* कशामुळे? थंडीत ताण इतका चढतो की ट्विनिंग सुरू होतं, म्हणजे स्फटिकातल्या नॅनोमीटर जाडीच्या पट्ट्या आरशातल्या प्रतिमेसारख्या उलटतात. त्यांच्या सीमा पुढच्या डिसलोकेशनना अडवत राहतात. जिथे ताणलं जातं तिथेच धातू कडक होतो, ताण शेजारी पसरतो आणि नमुना एका जागी बारीक होऊन लवकर तुटत नाही. म्हणून ताकद आणि लांबणं दोन्ही वाढतात, जे धातूंमध्ये सहसा जमत नाही. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत ७७ केल्विनला (उणे १९६ अंश सेल्सिअस) ताणशक्ती १ गिगापास्कलच्या वर गेली होती.

‘हाय-एन्ट्रॉपी’ या नावावर मात्र भाळू नका. याच गटातले बीसीसी रचनेचे कित्येक मिश्रधातू साध्या तापमानालाही ठिसूळ असतात. उलट ऑस्टेनिटिक स्टेनलेस स्टील एफसीसी असल्यामुळेच द्रव नायट्रोजनच्या टाक्यांसाठी वापरतात.