बीफ चिली फ्राय: रेसिपी गोव्याची, मांस तिकडचं

इंग्लंडमधल्या स्विंडनहून एका ताईंनी विचारलंय. प्रश्न एक दिसतो पण आत दोन आहेत. मूळ घर गोव्यातल्या डिचोलीचं, घरात मासे, चिकन, मटण सगळं चालतं पण बीफ कधी शिजलेलं नाही. मुलगा सतरा वर्षांचा, त्याचे मित्र तिथल्या गोंयकार (म्हणजे गोव्याच्या) कॅथलिक घरांतले (स्विंडनमध्ये आपले लोक किती आहेत हे काय सांगायला हवं), त्यांच्याकडे त्याने बीफ चिली फ्राय खाल्लं आणि आता घरी करायचंय म्हणून मागे लागलाय. एकदा मित्राच्या आईची रेसिपी घेऊन केलंही. मांस चिवट झालं, सिमला मिरचीचा गिच्च गोळा आणि खाली तळाला पाणीच पाणी. त्यात डिसेंबरमध्ये आजी राहायला येतायत. तर नीट कसं करायचं हा एक प्रश्न, आणि मुळात करू द्यायचं का हा दुसरा.

दुसऱ्याचं आधी उरकते. तुमच्या घरात काय खायचं ते मी इथे मडगावात बसून ठरवणार नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण मुलगा चोरून बाहेर खात नाहीये, विचारून घरात करतोय, ही गोष्ट माझ्या मते सोन्यासारखी आहे, ती ओरडून घालवू नका. आजींना मात्र आल्यावर वासावरून कळायला नको, त्या यायच्या आधी फोनवर सरळ सांगून टाका की बाबा, नातू असं असं करतो, तुमची भांडी वेगळी ठेवलीयत. आपल्या म्हाताऱ्या माणसांना गोष्ट न आवडणं जमतं, लपवलेलं जमत नाही. गोव्यात तर शेजारच्या घरात बीफ शिजतंय आणि आपल्या घरात सोमवार पाळलाय हे आपल्या आजींनी आयुष्यभर बघितलंय, नाताळात त्याच घरातून आलेली दोदोल-नेवरी खाल्लीय, त्यामुळे त्या तुम्हाला वाटतं तेवढ्या हादरणार नाहीत. आजी आहेत तोवर सोमवार-गुरुवार आणि एकादशीला नको, त्यांची लोखंडी कढई आणि विळी याला लावायची नाही, त्याला स्वतःची कढई, बोर्ड, सुरी घेऊन द्या आणि घासायची पण त्यानेच. आणि नवऱ्याचं काय मत ते तुम्ही लिहिलंच नाहीत, तर त्यांनाही विचारा हो.

आता चिवटपणाकडे येऊ, कारण खरी गंमत तिथे आहे. रेसिपीत काही चूक नाहीये ताई, रेसिपी इथल्या मांसासाठी आहे आणि मांस तिकडचं आहे. गोव्यात गायीच्या कत्तलीला १९७८ च्या कायद्याने बंदी आहे, आणि बैल, म्हशी वगैरेंसाठी १९९५ चा कायदा, त्यात जनावर ओढकामाला, पैदाशीला किंवा दुधाला उपयोगाचं राहिलेलं नाही असं सर्टिफिकेट लागतं. म्हणजे आपल्याकडे बीफ म्हणून बाजारात येतं ते बहुतेक वय झालेलं, काम करून झालेलं जनावर. स्नायू घट्ट, चरबी कमी. म्हणून इथल्या घरांमध्ये आधी आलं-लसूण-हळद-विनेगर लावून मांस कुकरला लावतात, चांगल्या चार-पाच शिट्ट्या, आणि मग ते मऊ तुकडे कांदा-मिरचीवर परततात. इथे ते बरोबर आहे. तिकडे सुपरमार्केटमधला रंप स्टेक घेऊन तुम्ही तेच केलंत तर कोवळ्या मांसातलं सगळं पाणी कुकरमध्ये निघून जातं, मग कढईत उरतो तो दोरा. तुमच्या मुलाचं नेमकं हेच झालंय, पत्रात ‘आधी कुकरमध्ये उकडलं’ असं लिहिलंय त्यावरून कळलंच.

मग कुकर कधी लावायचा? डाइस्ड बीफ, ब्रेझिंग स्टेक, शिन असं काही पाकिटावर लिहिलेलं असेल तर. त्यात कोलॅजन, म्हणजे स्नायू बांधून ठेवणारं चिवट प्रथिन, भरपूर, ते हळूहळू शिजलं तरच विरघळतं, पटकन परतायला गेलात तर दात दुखतील. असलं मांस रविवारच्या शाकुतीला (भाजलेल्या खोबऱ्या-मसाल्याच्या रश्श्याला) ठेवा. चिली फ्रायला रंप, सरलॉइन किंवा बावेट घ्यायचं. इथे खाटकाकडे लोक अंडरकट मागतात, तिकडे त्यालाच फिलेट म्हणतात, पण तिकडे त्याची किंमत बघून डोळे पांढरे होतात आणि एवढ्या मिरची-मसाल्यात त्याची नजाकत कोणाला कळणारे, रंपच बरा. ‘स्टर फ्राय स्ट्रिप्स’ नावाची कापून ठेवलेली पाकिटं असतात ती शक्यतो नकोत, कशी कापलीयत त्याचा भरवसा नाही.

कापणं हे अर्ध काम. मांसाकडे नीट बघितलं की त्यात एका दिशेने जाणाऱ्या रेषा दिसतात, सुरी त्या रेषांना आडवी चालवायची, म्हणजे प्रत्येक तुकड्यात धागे आखूड होतात आणि चावायला सोपे जातात. रेषांच्या बाजूने उभं कापलं तर महागातलं महाग मांस पण चिवट लागतं. जाडी ३-४ मिलिमीटर. मऊ मांस सुरीखाली सरकतं म्हणून आधी अर्धा-पाऊण तास फ्रीझरमध्ये ठेवा, गोठवायचं नाही, नुसतं कडक होईपर्यंत, मग सटासट पातळ कापता येतं. मुलाला सांगा मांस नळाखाली धुवायचं नाही. आपल्याकडे सवय असते धुवायची, पण शिंतोडे उडून जंतू सिंकभर आणि बाजूच्या भांड्यांवर जातात, वर मांस ओलं होतं ते वेगळंच. पेपर टॉवेलने टिपून कोरडं करायचं, एकदा टिपून नाही भागत, दोनदा टिपा.

थोडं स्वस्तातलं मांस, समजा टॉपसाइड, मिळालं तर एक युक्ती आहे, चायनीज हॉटेलवाले करतात ती. ५०० ग्रॅम पातळ कापलेल्या मांसाला अर्धा चमचा खायचा सोडा दोन चमचे पाण्यात कालवून चोळायचा, पंधरा-वीस मिनिटं ठेवायचा, मग बाउलमधेच पाण्यात हलकं घोळवून पाणी ओतून टाकायचं आणि खूप नीट टिपायचं. सोड्याने वरच्या थरातली प्रथिनं आवळून येत नाहीत म्हणून मांस मऊ राहतं. पण हे केलंत तर विनेगर त्याच वेळी लावू नका!! सोडा आणि विनेगर एकमेकांना मारतात, फसफस होऊन दोन्ही वाया. विनेगर मग शेवटी. रंप असेल तर सोड्याच्या भानगडीत पडूच नका, सरळ आलं-लसूण पेस्ट एक मोठा चमचा, अर्धा चमचा हळद, चमचाभर ताजी कुटलेली मिरी, दोन चमचे काश्मिरी मिरची पूड, लवंग-दालचिनीची चिमूटभर पूड आणि एक चमचा विनेगर एवढं लावून अर्धा तास ठेवा. रात्रभर नको, विनेगरने इतके पातळ तुकडे बाहेरून भुसभुशीत होतात. मीठ कढईत टाकायच्या जरा आधी.

विनेगर कुठलं हा प्रश्न तिकडून सगळेच विचारतात. आपलं माडाचं विनेगर मिळालं तर उत्तमच, इंडियन दुकानात नाही मिळालं तर फिलिपिनो दुकानात बघा, त्यांच्याकडे नारळाचं विनेगर असतं आणि चव बऱ्यापैकी जवळ जाते. तेही नाही तर सायडर विनेगर आणि दोन चिमटी साखर. चिप्सवर शिंपडतात ते मॉल्ट विनेगर नको, त्याचा वास सगळ्यावर बसतो. सोया सॉसही काही जण घालतात, घाला हवा तर, पण मग ते चायनीज झालं, वाईट नसतं तरी म्हापशाच्या बाजारातल्या हॉटेलात बशीत येतं ते हे नव्हे.

मिरचीचं सांभाळून. रंगासाठी काश्मिरी, तिखटासाठी हिरवी. तिकडे हिरव्या मिरच्या जाड असतात त्या दिसायला भयंकर पण बऱ्याचदा मिळमिळीत, उलट कॅरिबियन दुकानातली ती छोटी टोपीसारखी स्कॉच बॉनेट दिसायला गोंडस आणि तिखट मात्र एक लाखाच्या वर स्कोव्हिल (तिखटपणा मोजायचं एकक), काश्मिरी जेमतेम एक-दोन हजाराला असते, म्हणजे फरक लक्षात घ्या. मुलं पैज लावून टाकतात, त्याला आधीच सांगून ठेवा. आजींना येताना खोल्याची मिरची दळून पूड करून आणायला सांगा, काणकोणची, जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेली, तिचा रंग वेगळाच येतो. चोरीस, म्हणजे गोव्याचे सॉसेज, मात्र कोणी बॅगेत घालून पाठवू नका, भारतातून ब्रिटनमध्ये मांसाचे आणि दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे, एअरपोर्टवर काढून घेतात. आजींचे पेढेसुद्धा त्यातच आले बरं का.

आता आच. तळाला पाणी सुटलं ते इथे. मांसाला तो खमंग तपकिरी रंग यायला साधारण १४० डिग्रीच्या वर तापमान लागतं, आणि कढईत पाणी साचलेलं असेल तोवर ती शंभराच्या आसपासच अडकून राहते, म्हणजे तुम्ही परतताय असं वाटतं पण खरं तर उकडताय. तिकडच्या इलेक्ट्रिक शेगडीची ताकद आपल्या गॅसच्या मोठ्या बर्नरसारखी नसते, थंड मांस पडलं की भांडं एकदम निवतं आणि परत तापायला वेळ घेतं. यावर उपाय एकच, थोडं थोडं करा. अर्धा किलो मांस तीन हप्त्यांत, आणि कढईत सकाळच्या पणजी बससारखी गर्दी नको, प्रत्येक तुकडा तळाला टेकला पाहिजे. सपाट तळाची कास्ट आयर्न किंवा कार्बन स्टीलची कढई घ्या, गोल तळाचा वोक इलेक्ट्रिकवर काही कामाचा नाही. ती तीन-चार मिनिटं रिकामी तापवायची, पाण्याचा थेंब टाकला तर नाचत पळाला पाहिजे, मग तेल. नॉनस्टिक असं रिकामं तापवायचं नाही, २६० डिग्रीच्या वर त्याचं कोटिंग बिघडायला लागतं. तेल सूर्यफुलाचं किंवा शेंगदाण्याचं रिफाइंड. खोबरेल मला आवडतं पण इतक्या आचेवर ते लवकर धुरावतं, हवंच तर शेवटी अर्धा चमचा वरून वासाला.

तुकडे पसरले की हात बांधून उभं राहायचं. मिनिटभर हलवायचं नाही, हे सतरा वर्षांच्या पोराला सगळ्यात कठीण जाईल. खालून रंग आला की उलटायचं, अजून मिनिटभर, आणि ताटलीत काढायचं. आतून थोडं कमी वाटलं तर वाटू दे, परत कढईत जाणारच आहे. ताटली स्वच्छ घ्या, कच्च्या मांसाचीच परत वापरू नका.

सगळं मांस काढलं की त्याच कढईत भाज्या. दोन मोठे कांदे जाड उभे चिरून, ते कडेने तपकिरी पण आतून कुरकुरीत राहिले पाहिजेत, मग चार-सहा हिरव्या मिरच्या उभ्या चिरलेल्या आणि दोन सिमला मिरच्या, त्यांना दोन मिनिटं पुरे. टोमॅटो एकच, घट्ट, बिया काढून, आणि अगदी शेवटी, कारण तळातलं निम्मं पाणी टोमॅटोचंच असतं. बटाटा घालायची पद्धत बऱ्याच घरांत आहे, उकडून फोडी वेगळ्या तळून घ्या, कच्चा टाकलात तर तो शिजेपर्यंत बाकी सगळ्याची भाजी होते. तुम्ही विचारलंय गाजर, फरसबी, ब्रोकोली घालू का, पोराने भाज्या खाव्यात म्हणून. घाला की. फक्त फरसबी-ब्रोकोली आधी मिठाच्या उकळत्या पाण्यात दोन मिनिटं टाकून, लगेच गार पाण्यात काढून, कोरडी करून मग कढईत. भाज्या झाल्या की मांस आणि ताटलीत सुटलेला रस परत आत, वरून चमचाभर विनेगर कढईच्या कडेने ओतायचं म्हणजे चर्र होऊन आंबट वास उठतो, अर्धा चमचा साखर, मीठ बघायचं, तीस सेकंद की गॅस बंद. सॉरी, शेगडी बंद, आणि इलेक्ट्रिक असेल तर कढई उचलून बाजूला ठेवा, ती बंद केल्यावर पण तापतच असते.

धुराचं. तिकडच्या फ्लॅटमधल्या बऱ्याच चिमण्या धूर बाहेर टाकत नाहीत, नुसता गाळून परत खोलीत सोडतात, त्यामुळे खिडकी आधी उघडा, किचनचं दार लावा, आणि पॅसेजमध्ये टांगलेले कोट-जॅकेट बेडरूममध्ये नेऊन ठेवा नाहीतर सोमवारी ऑफिसात सगळ्यांना कळेल काल काय खाल्लं. स्मोक अलार्म वाजतो म्हणून त्याची बॅटरी काढू नका, पिशवी बांधू नका, टॉवेलने हवा घाला.

बरोबर काय? इथे पोदेराकडची (पाववाल्याकडची) गरम पोळी किंवा उंडे, हे दोन्ही गोव्याचे पावच, तुमच्याकडे स्विंडनमध्ये गोंयकार बेकिंग करणारी घरं असतील तर ऑर्डर द्या, नाहीतर चियाबाटा ओव्हनमध्ये गरम करून. भात लावलात तर उरलेला भात टेबलावर रात्रभर ठेवू नका, तासाभरात गार करून फ्रीजमध्ये आणि दुसऱ्या दिवशी संपवा.

आणि आजी असताना त्याच दिवशी त्यांच्यासाठी काय, तर हाच मसाला, हीच भाजी, बटण मशरूम घालून, त्यांच्या कढईत, आणि तो पहिला करा, बीफ नंतर. मशरूम पण कोरडे, मोठ्या आचेवर, थोडे थोडे, मीठ शेवटी. अळम्यांची, म्हणजे आपल्या रानातल्या मशरूमची, सर येणार नाही, पावसाळ्यातल्या अळम्या त्या अळम्या, पण आजी हे शिवराक (शाकाहारी) दिवशीही खातील, आणि माझा अंदाज, मुलगा स्वतःचं संपवून आजींच्या ताटलीकडे वळेल, तेव्हा मशरूम जरा जास्तच आणा.