समूह अपवर्तनांक ५०, पण किती तरंगलांबींसाठी?

ताळगाव पठारावरील गोवा विद्यापीठात एम.एस्सी.चा प्रकल्प करणाऱ्या एका सदस्याने विचारले आहे, की सिलिकॉनच्या फोटोनिक क्रिस्टल वेव्हगाइडमध्ये, म्हणजे सूक्ष्म छिद्रांच्या नियमित जाळीतून प्रकाश नेणाऱ्या मार्गात, समूह अपवर्तनांक (निर्वातातल्या वेगाच्या तुलनेत प्रकाशाचा स्पंद किती पट सावकाश जातो तो आकडा) ५० च्या पुढे नेता येतो, तर मग चिपवरच प्रकाश साठवून का ठेवू नये.

१५५० नॅनोमीटरला सिलिकॉनचा स्वतःचा अपवर्तनांक सुमारे ३.४८ असतो, ५० हा आकडा पदार्थाचा नसून रचनेचा आहे. छिद्रांच्या त्रिकोणी जाळीतली एक ओळ वगळून केलेल्या मार्गात पुढे जाणारी आणि छिद्रांवरून परतणारी लाट एकमेकींत अशा गुंततात, की ठरावीक तरंगलांबीजवळ ऊर्जा फारच सावकाश सरकते. २००५ साली आयबीएमच्या गटाने अशा मार्गात वेग ३०० पटींहून अधिक घटल्याचे दाखवले, आणि सूक्ष्म हीटरने तो बदलूनही दाखवला.

कुठ्ठाळीच्या रस्त्यावर वाहने मंदावली, तरी मिनिटाला तेवढीच पुढे जात असतील, तर फक्त त्यांच्यातले अंतर घटलेले असते; स्पंदाचेही तसेच आहे. त्याचा कालावधी बदलत नाही, लांबी आक्रसते. निर्वातात ३ मिलिमीटर लांब असणारा १० पिकोसेकंदांचा स्पंद समूह अपवर्तनांक ३० असलेल्या मार्गात ०.१ मिलिमीटरमध्ये मावतो, त्याची तीव्रता वाढते आणि अरेषीय परिणाम (तीव्र प्रकाशातच ठळक होणारे, तीव्रतेच्या सरळ प्रमाणात नसणारे) थोड्या लांबीत मिळतात. माझ्या मते मंद प्रकाशाचा खरा उपयोग हाच आहे.

साठवणुकीचा हिशेब मात्र निराशाजनक आहे. त्याच मार्गाच्या १ सेंटिमीटरमध्ये विलंब मिळतो १ नॅनोसेकंद, म्हणजे सेकंदाला १० गिगाबिट दराने जेमतेम १० बिट. वेग आणखी घटवावा, तर उपयोगी बँडविड्थ, म्हणजे चालणाऱ्या तरंगलांबींचा पट्टा, अरुंद होते आणि अपस्करणामुळे, म्हणजे वेगवेगळ्या तरंगलांबींचा वेग वेगळा असल्याने, स्पंद पसरतो. मार्गालगतच्या छिद्रांच्या पहिल्या दोन ओळी किंचित सरकवून हे अपस्करण बरेच आवरता येते. सेंट अँड्र्यूज विद्यापीठाच्या गटाने २००८ मध्ये ३० ते ९० या समूह अपवर्तनांकांसाठी, समूह अपवर्तनांक आणि सापेक्ष बँडविड्थ (पट्ट्याची रुंदी भागिले मधली तरंगलांबी) यांचा गुणाकार सुमारे ०.३ राखला, म्हणजे ३० ला साधारण १५ नॅनोमीटरचा सपाट पट्टा मिळतो, ९० ला ५ नॅनोमीटरचाच. त्यातच छिद्रांच्या कडांच्या खडबडीतपणामुळे मागे फिरणारा प्रकाश ढोबळमानाने समूह अपवर्तनांकाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो.

म्हणून प्रकल्पात ३० च्या आसपासचेच लक्ष्य ठेवावे. एमपीबी (एमआयटी फोटोनिक बँड्स) हे अशा रचनांची गणिते करणारे मोफत सॉफ्टवेअर घेऊन दोन्ही ओळींचे सरकणे थोडेथोडे बदलावे, आणि दर वेळी सर्वाधिक समूह अपवर्तनांक न टिपता, तो दहा टक्क्यांच्या आत किती तरंगलांबींवर स्थिर राहतो ते टिपावे.