फुप्फुसं चांगली असताना व्हेंटिलेटर कशासाठी?

तुम्ही विचारलंय की भावाच्या डोक्याला मार लागलाय, छातीचा एक्स-रे स्वच्छ आहे, ऑक्सिजन 98 दाखवतोय, मग व्हेंटिलेटर का काढत नाहीत? आणि मेंदूला सूज आहे तर मशीनचा श्वास वाढवून ती उतरवत का नाहीत? मी अशा रुग्णांच्या आयसीयूत बरीच वर्षं डॉक्टर आहे. हे दोन्ही प्रश्न अगदी योग्य आहेत.

बेशुद्धी खोल असली, म्हणजे ढोबळमानाने ग्लासगो कोमा स्कोअर (शुद्ध किती आहे हे मोजणारे 3 ते 15 गुण) 8 किंवा त्याखाली असला, की जीभ मागे पडते, ठसका लागत नाही, लाळ आणि उलटी श्वासनलिकेत उतरू शकते. श्वासनलिकेत नळी मुख्यतः त्यासाठी घालतात.

व्हेंटिलेटरचं यापुढचं काम मात्र ऑक्सिजनपेक्षा कार्बन डायऑक्साइडचं असतं, आणि ते नातेवाइकांना फारसं कुणी समजावून सांगत नाही. रक्तातला हा वायू वाढला की मेंदूच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, कमी झाला की आकसतात. त्याचा दाब 1 मिमी पाऱ्याने बदलला तरी मेंदूचा रक्तपुरवठा साधारण 3 ते 4 टक्क्यांनी बदलतो. कवटी ताणत नाही, त्यामुळे आत जास्त रक्त आलं की दाब चढतो. गुंगीत असलेला माणूस स्वतःच्या श्वासावर सोडला आणि श्वास उथळ झाला, तर बोटावरचा ऑक्सिजन ठीक दिसत असतानाही आत हे घडत असतं.

मग श्वास वाढवून वायू खाली का आणत नाहीत? कवटीतला दाब खरंच काही मिनिटांत उतरतो, आणि एके काळी हे सर्रास करायचे. पण दाब उतरतो तो रक्तपुरवठा कमी झाल्यामुळेच, आणि जखमी मेंदूला आधीच रक्त कमी पडत असतं. 1991 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, सुरुवातीपासून असा जोरात श्वास दिलेल्या काही रुग्णांची प्रगती 3 आणि 6 महिन्यांनी इतरांपेक्षा मागे दिसली. शिवाय शरीर जुळवून घेतं आणि काही तासांत परिणाम ओसरतो. म्हणून आता या वायूचा दाब साधारण 35 ते 45 मिमी पाऱ्यामध्ये ठेवतात. डोळ्याची बाहुली अचानक मोठी झाली, मेंदू खाली सरकतोय अशी शंका आली, तर औषध किंवा शस्त्रक्रिया होईपर्यंत तेवढ्यापुरता श्वास वाढवतात. तुमच्या डॉक्टरांनी तो वाढवला नाही हे मला बरोबरच वाटतं.

पलंगाचं डोकं 30 अंश वर, मान सरळ, नळीची पट्टी गळ्याभोवती आवळलेली नाही, एवढं तुम्हीही भेटीत पाहू शकता. मेंदूतलं रक्त मानेतूनच खाली उतरतं. पट्टी घट्ट वाटली तर नर्सला सांगा, स्वतः हात लावू नका.

आता नळी कधी निघेल. तो पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत ती राहणारच, असं मुळीच नाही. कवटीतला दाब स्थिर आहे, स्वतःचा श्वास पुरतोय, खोकला जोरदार आहे, कफ फार नाही, लाळ गिळायचा प्रयत्न दिसतो, नजर माणसामागे फिरते, यातल्या बऱ्याच गोष्टी जमल्या की बोलत नसलेल्या रुग्णाचीही नळी काढतात. नुसत्या अर्धवट शुद्धीपायी ताटकळत ठेवलं तर न्यूमोनिया वाढतो. उलट बाजूही सांगते: मेंदूच्या रुग्णांत साधारण पाचातल्या एकाला काही दिवसांत पुन्हा नळी घालावी लागते. तसं झालं तर कुणाची तरी चूक झाली असं धरून चालू नका.

गळ्याला छिद्र करायचं म्हणाले तर आशा सोडली असा अर्थ काढू नका. त्याने गुंगीची औषधं कमी करता येतात, कफ काढणं सोपं होतं, आणि पुढे बहुतेकदा ते बंदही करतात.

उद्या राऊंडला तीन गोष्टी विचारा: शेवटच्या एबीजीत (धमनीतल्या रक्तातल्या वायूंची तपासणी) कार्बन डायऑक्साइड किती होता, सक्शन करताना, म्हणजे नळीतून कफ ओढताना, खोकला कसा येतो, आणि गुंगीचं औषध थांबवून कधी पाहिलं. उत्तरं इथे लिहिलीत तर पुढचं बोलता येईल.